आखाजीचा डाव : पानं टाकायची केव्हा?

खानदेशाचा इतिहास म्हटला की आपण थाळनेरचे फारुकी राजे काढतो, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातली दप्तरं काढतो, जळगावच्या कापसाच्या गाठी मोजतो. आजचा विषय त्यामानाने अगदी लहान आहे. पत्त्याच्या डावात धड चांगली नाहीत आणि धड वाईटही नाहीत अशी पानं हाती आली, तर ती टाकून द्यायची केव्हा? एवढाच प्रश्न. पण प्रश्न लहान दिसला तरी त्याला जुना इतिहास आहे. त्या इतिहासाचा एक धागा चाळीसगावजवळच्या पाटणादेवीतून जातो, दुसरा दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयातून. आणि दोन्ही येऊन मिळतात आपल्याच गावातल्या आखाजीच्या फडावर.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, वैशाख शुद्ध तृतीया. उर्वरित महाराष्ट्रात हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक मुहूर्त. सोनं घ्यायचं, आमरस खायचा, झालं. खानदेशात मात्र हा दिवाळीच्या तोडीचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पितरांसाठी घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं, आगारी टाकायची. खापरावरची पुरणपोळी, सांजोऱ्या, आंब्याचा रस. हे झालं घरातलं आणि अंगणातलं. ओट्यावर, पारावर, मळ्यातल्या झाडाखाली पुरुषमंडळी मात्र पत्ते पिसत बसलेली असतात. बायकांचा झोका आणि पुरुषांचा पत्ता, अशी ही सणाची वाटणी आहे. आखाजीला पत्ते चालतात, हा सगळ्या गावाचा समज. कायद्यात अशी सवलत कुठेही लिहिलेली नाही, ते पुढे येईलच.

हाच दिवस का, तर त्याचं उत्तर शेतीच्या वर्षात आहे. खानदेशात सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं लागतं. जुना हिशेब होतो, नवा ठराव होतो. रब्बी घरात आलेली असते, कापूस विकून झालेला असतो आणि मृगाला अजून महिनाभर अवकाश असतो. म्हणजे वर्षभरात हाताला काम नाही आणि हातात पैसा आहे, अशी जी काय चार दिवसांची फट सापडते, ती हीच. पण हा पैसा मोकळा नाही बरं का. त्यातच बी-बियाणं आहे, खत आहे, जूनची पेरणी आहे; सालदाराच्या बाबतीत तर घरचं वर्षभराचं मीठमिरची आहे. म्हणून आखाजीचा डाव दहा-वीस रुपयांचा असला तरी त्याच्या मागे पेरणी उभी असते. पानं केव्हा टाकायची हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो, तो यासाठी.

आता खेळ. फडावर बहुधा तीन पत्ती असते. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाने आधी बूट टाकायचा. प्रत्येकाला तीन-तीन पानं. ती बघून किंवा न बघता, पाळी येईल तशी चाल करायची, म्हणजे पैसे टाकायचे. नको असेल तर पानं टाकून द्यायची. त्याला फडावर ‘पॅक’ म्हणतात. शेवटी दोघे उरले की एकजण शो मागतो आणि ज्याची पानं मोठी तो सगळा पैसा उचलतो. सगळ्यात मोठी म्हणजे तीन सारखी पानं. मग एका रंगाचा सिक्वेन्स, मग साधा सिक्वेन्स, मग कलर, मग जोडी, आणि यातलं काहीच नसेल तर ज्याचं पान मोठं तो मोठा. घरगुती फडावर चाल बांधलेली असते. दहाची म्हणजे दहाचीच, वर जायचं नाही. पाश्चात्त्य पोकरमध्येही असाच बांधलेल्या चालीचा, कमी पैशांचा प्रकार आहे आणि त्यावर तिकडे पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली आहेत. तिथे आणि इथे अडतं ते एकाच ठिकाणी. तीन एक्के आले तर विचार करावा लागत नाही. पंजा-तिर्री-दुर्री आली तरी करावा लागत नाही. विचार करावा लागतो तो मधल्या पानांसाठी.

मधली पानं म्हणजे नेमकी कुठली? इथे आपल्याला पाटणादेवीला जावं लागतं.

चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या कुशीत पाटण नावाचं स्थान आहे. तिथे इसवी सन १२०७चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्याने तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, असं तो लेख सांगतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या जळगाव जिल्ह्यात लीलावती शिकवण्यासाठी पाठशाळा होती.

भास्कराचार्यांची लीलावती साधारण ११५०ची. तिच्यात निवड मोजायची रीत दिली आहे. सहा रस आहेत, त्यांतले एक-एक, दोन-दोन, तीन-तीन असे घेऊन किती चवी होतील? उत्तर ६३. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं, ती अदलाबदल करून किती मूर्ती होतील? उत्तर ३६ लाख २८ हजार ८००. रीत सोपी आहे. उतरते आकडे वर मांडा, चढते खाली मांडा, गुणा आणि भागा. हीच रीत पत्त्यांना लावू. बावन्न पानांतून तीन. वर ५२, ५१, ५०. खाली १, २, ३. गुणाकार-भागाकार केला की २२,१०० येतात. तीन पत्तीत येऊ शकणारे सगळे हात एवढेच.

आता याच रीतीने पुढे मोजत जाऊ. २२,१०० हातांत तीन सारखी पानं फक्त ५२ वेळा. एका रंगाचा सिक्वेन्स ४८ वेळा, साधा सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४. आणि ज्यात काहीच नाही असे हात १६,४४०. म्हणजे शंभरातले चौऱ्याहत्तर हात कोरडे. जोडी किंवा त्याहून वरचं काही मिळण्याचा योग साधारण चारातून एकदाच. कोरड्या हातांपैकी एक्का असलेले ३,८४० आहेत. एक्क्याच्या हाताला आपण पहिला नंबर देतो खरा, पण सगळ्या हातांचा बरोबर मध्य काढला तर तो राजाच्या हातांत कुठेतरी पडतो. यावरून मधला हात कुठला ते ठरतं. एकटा एक्का आणि बारकी जोडी, हे दोन. फडावर माणूस या दोनच ठिकाणी जास्त घसरतो.

हिशेब करून बघू. सहा गडी आहेत, बूट दहाचा, चाल दहाची. बुटाचे साठ रुपये मध्ये पडलेत. हे साठ आता कोणाचेच नाहीत. आपले दहा त्यात गेले, म्हणून पुढे खेळायलाच पाहिजे, असं मनातून जे वाटतं ते आधी काढून टाकायचं. धरा की सहाही जण शेवटपर्यंत टिकणार आणि प्रत्येकाच्या तीन चाली होणार. म्हणजे मध्ये एकूण २४० रुपये. तुम्ही यापुढे घालणार तीस. तीस घालून २४० उचलायचे, तर आठांतून एकदा जिंकलात तरी बरोबरी होते.

तुमच्या हातात एक्का, सत्ती, दुर्री आहे, वेगवेगळ्या रंगांची. एका गड्याशी सामना असता तर हा हात निम्म्याहून जास्त वेळा जिंकला असता. समोर पाच जण आहेत. पाचांपैकी एकाकडेही साधी जोडी नसण्याचा योग चारातून एकदासुद्धा येत नाही. शिवाय तुमच्याहून मोठा एक्का कोणाकडे निघू शकतो तो वेगळाच. ढोबळ हिशेबाने हा हात दहातून एकदाही जिंकत नाही. लागतात आठांतून एकदा, मिळतात अकरा-बारातून एकदा. टाका. एक्क्याबरोबर राजा असेल तर गोष्ट वेगळी, तो हात अशा भरल्या फडात धरता येतो. पण नुसता एक्का बघून जो बसून राहतो, तो दर डावाला थोडं थोडं देत असतो.

आता सत्तीची जोडी घ्या. याच फडात, याच पाच जणांसमोर, ती तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त वेळा जिंकते. लागत होते आठांतून एकदा. म्हणजे धरा, बिनधास्त धरा.

पण फड बदला. तीन जणांनी पानं बघून सुरुवातीलाच टाकली. उरले दोघे, आणि दोघेही पानं बघून, जोडी असल्याशिवाय चाल न करणारे. तीन चाली झाल्या तर मध्ये साठ अधिक नव्वद, म्हणजे दीडशे. तुम्ही घालणार तीस. पाचातून एकदा जिंकायला हवं. जोडी किंवा वरचं असणाऱ्या माणसापुढे सत्तीची जोडी चारातून साधारण एकदा टिकते. असे दोघे असतील तर सोळांतून एकदा. टाका. हात तोच, सत्तीची जोडी. एका फडात ती धरायची, दुसऱ्यात टाकायची. आमच्या मते या सगळ्या विषयाचं सार इथे आहे. मधल्या पानांची किंमत पानांवर लिहिलेली नसते. कोण टिकलंय आणि काय घेऊन टिकतो तो माणूस, यावर ती ठरते. राजा-राणी मोजणारे पुष्कळ. समोरचा आज का टिकलाय हे मोजणारा गावात एखादाच असतो, आणि संध्याकाळी पैसे बहुधा त्याच्याकडे असतात.

बांधलेल्या चालीच्या फडात आणखी एक खाच आहे. चाल दहाची, त्यामुळे प्रत्येक वेळी मन म्हणतं, दहाच तर आहेत. पोकरमध्ये पैसे घालायच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. होल्डेम नावाच्या प्रकारात त्या चार. शिवाय तिथे पुढे नवी पानं उघडतात. चार पानं एका रंगाची झाली असतील तर पाचव्याची वाट बघता येते. मध्ये पैसा मोठा आणि चाल लहान असेल तर ती वाट बघणं हिशेबात बसतंही. तीन पत्तीत नवं पान येत नाही. हातात आली ती तीन, शेवटपर्यंत तीच तीन. आणि फेऱ्यांना अंत नाही; दोघे उरून शो होईपर्यंत चाल चालूच. म्हणून मधला हात धरताना चालीची किंमत दहा धरायचीच नाही. शोपर्यंत किती चाली लागतील ते बघून तीस, पन्नास, सत्तर अशी एकरकमी धरायची आणि मग स्वतःला विचारायचं, की हे सगळे पैसे कोणी आत्ता एकदम मागितले असते तर दिले असते का? निम्म्या वेळा उत्तर नाही येतं.

अंध खेळणाऱ्याला चाल निम्मी लागते, हा नियम आपण लहानपणापासून ऐकतो. पान बघितलं की चाल दुप्पट. खेळ रचणाऱ्यांनी ज्ञानाला किंमत लावली, असं म्हणायचं. ही पद्धत इंग्रजांच्या ब्रॅग नावाच्या तीन पानी खेळातही आहे, आणि तीन पत्ती हे त्याच घराण्यातलं मानलं जातं. एडमंड हॉइल याने १७५१ साली ब्रॅगवर छोटी पुस्तिका लिहिली होती. म्हणजे मधल्या पानांची चिंता छापून यायला लागून पावणेतीनशे वर्षं झाली.

गणितज्ञांनी हा प्रश्न हातात घेतला तो विसाव्या शतकात. हॅरोल्ड कून यांनी १९५०मध्ये पोकरची अगदी छोटी आवृत्ती मांडली. पानं तीनच. गुलाम, राणी आणि राजा. खेळणारे दोघे, प्रत्येकाला एक पान, एक रुपया बूट, एक रुपया चाल. समोरच्याने चाल केली आणि तुमच्याकडे राजा आहे, तर धरा. गुलाम आहे, तर टाका. राहिली राणी. तिचं उत्तर कून यांनी काढलं ते असं : तीन वेळांतून दोनदा टाका, एकदा धरा, आणि कोणत्या वेळी धरणार ते समोरच्याला कळू देऊ नका. कारण तुम्ही राणी नेहमीच टाकत असाल, तर तो गुलाम घेऊनही दरडावून चाल करील. नेहमीच धरत असाल, तर तो राजा असल्याशिवाय चालच करणार नाही. पुढे २०१५च्या जानेवारीत कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने दोन गड्यांचा, बांधलेल्या चालीचा होल्डेम संगणकावर जवळजवळ पूर्ण सोडवल्याचं जाहीर केलं. माणूस आयुष्यभर त्या यंत्राशी खेळत बसला तरी त्यात चूक आहे हे सिद्ध करू शकणार नाही, इतका तो सुटला. लक्षात घ्या, सुटला तो बांधलेल्या चालीचा आणि दोघांचा. सहा जणांचा, आखाजीच्या दुपारचा, उसनेपासने चालणारा फड अजून कोणत्या यंत्राने सोडवलेला नाही.

आपल्या परंपरेत मात्र हा प्रश्न आकड्यांच्या आधी माणसाच्या अंगाने आला. महाभारतात दोन मोठे द्यूत आहेत. सभापर्वातला युधिष्ठिर सगळ्यांना माहीत आहे. राज्य गेलं, भाऊ गेले, स्वतः गेला आणि तरी त्याने पुढची चाल केली, द्रौपदी लावली. वनपर्वात नळाची गोष्ट येते. नळही पुष्कराशी खेळताना सगळं हरला. मग पुष्कर म्हणाला, आता दमयंती तेवढी राहिली, तिला लाव. नळाने उत्तर दिलं नाही. अंगावरचे दागिने उतरवले आणि एका वस्त्रानिशी तो निघून गेला. विदर्भाची ही राजकन्या पणाला लागली नाही, कारण नळाने त्या क्षणी पानं टाकली. एरवी दोघेही सारखेच हरलेले. पुढे ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पानं-फळं न मोजता अदमासाने सांगतो आणि नळाला अक्षहृदय शिकवतो. मग नळ परत येऊन एकाच डावात राज्य मिळवतो. संभाव्यतेच्या शास्त्राचा इतिहास लिहिणारे पाश्चात्त्य अभ्यासकही या झाडाची गोष्ट मुद्दाम सांगतात. पण आम्हाला क्रम महत्त्वाचा वाटतो. मोजणं तो नंतर शिकला, उठणं त्याला आधी जमलं.

राज्यकर्त्यांनी या खेळाकडे कसं बघितलं? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठरलेल्या ठिकाणी चालवायचा, बाहेर खेळला तर बारा पण दंड, आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच राजाला. आजच्या अड्ड्यावर अड्डा चालवणारा दर डावातून आपला हिस्सा काढतो, त्याला नाल म्हणतात. या नालीचा मधल्या पानांशी थेट संबंध आहे. समजा सहा जण पाचशे-पाचशे घेऊन बसले. एकूण तीन हजार. प्रत्येक डावात दीडशे रुपये जमतात आणि शेकडा पाच नाल निघते, म्हणजे साडेसात. शंभर डावांत साडेसातशे रुपये फडातून उठून गेले. चौथा हिस्सा! कोण जिंकला, कोण हरला याचा त्याच्याशी संबंध नाही. घरच्या ओट्यावर नाल नसते. तिथे मामाचे पैसे भाच्याकडे जातात, भाच्याचे शेजाऱ्याकडे. पैसा गावातच फिरतो. अड्ड्यावर मात्र बरोबरीला येणारा हात तोट्याचा होतो. म्हणून जिथे नाल आहे तिथे मधली पानं आणखी लवकर टाकली पाहिजेत. आणि टाकून टाकून खेळायचं काय राहिलं असं वाटू लागलं, तर उठण्याची वेळ आली असं समजावं.

इंग्रजी अमदानीत आपल्याकडे आला तो मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७चा. तेव्हा पूर्व-पश्चिम खानदेश झाला नव्हता. ती फाळणी १९०६ची. धुळ्याहून चालणाऱ्या एकाच अखंड जिल्ह्याला हा कायदा लागला, आणि तोच आजही बातम्यांत दिसतो. अड्डा चालवणाऱ्याला कलम ४, अड्ड्यावर सापडणाऱ्याला कलम ५, उघड्यावर खेळणाऱ्याला कलम १२. कलम १३ म्हणतं, की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. मग कौशल्य कशाला म्हणायचं? १९६८मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं. पडलेली पानं ध्यानात ठेवावी लागतात, कुठलं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं ते समजावं लागतं, असं त्याचं कारण दिलं. त्याच निकालात तीन पानी खेळ, फ्लश म्हणा की ब्रॅग, निव्वळ नशिबाचा ठरवला.

आता आपण इतका वेळ जो हिशेब केला तो आठवा. तीन पत्तीतही टाकायचं कळावं लागतं. फरक एवढाच की एक पान न टाकता तिन्ही टाकायची. मग न्यायालय चुकलं का? आम्हाला तसं वाटत नाही. कोणती पानं येणार हे तर शुद्ध नशीबच आहे. टाकण्याचं कौशल्य आहे, पण त्याने पानं सुधारत नाहीत, नुकसान थांबतं. आणि बहुतेक फडांवर ते कौशल्य कोणी वापरत नाही. मटक्याशी ताडून पाहा. मटका जन्माला आला तोच कापसाच्या भावातून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव मुंबईत तारेने यायचे, त्यावर आकडे लागायचे. पुढे १९६०च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी चिठ्ठ्या आणि पत्ते काढून तो चालवला. कापूस पिकवणाऱ्या खानदेशातही आकडा पोचला. मटक्यात एकदा पैसे लावले की पुढे काहीच करता येत नाही. तिथे पॅक नाही. तीन पत्तीत दर पाळीला उठायचं दार उघडं असतं. ते दार वापरायचं की नाही, एवढंच माणसाच्या हातात.

आणि इथे परंपरेची एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आखाजीच्या फडाने पानं टाकायची जबाबदारी एकट्या माणसावर सोडली नव्हती. चाल बांधलेली. सण चार दिवसांचा. फडावर बसलेले ओळखीचे. जास्त हरलेल्याला काका म्हणणार, ऊठ आता, जेवायला जा. बहीण माहेरी आलेली, तिला साडी घ्यायची आहे, हे सगळ्या फडाला माहीत. पोराने हाक मारली तरी डाव मोडायचा. ज्याला स्वतःहून पानं टाकता येत नाहीत, त्याची पानं गाव टाकायचं. सगळीकडे हे जमलं असं नाही. बैल विकले गेले, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सावकाराच्या दारात माणसं उभी राहिली, हेही खानदेशात घडलेलं आहे. पण बंधनं होती, हे खरं.

फोनवरच्या खेळाने ही सगळी बंधनं एका फटक्यात काढली. आखाजी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस झाली. समोरचा दिसेना, तो का टिकलाय, हे बघायची सोयच राहिली नाही. नाल प्रत्येक डावाला, न चुकता. डाव मिनिटाभराचा, म्हणजे ओट्यावर दुपारभर जेवढे डाव व्हायचे तेवढे तासाभरात. आणि रात्री दोन वाजता ऊठ म्हणणारा काका नाही. संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. साठ वर्षं चाललेला वाद फोनपुरता तरी मिटवला. कायद्याने ते दार बाहेरून बंद केलं. चोरवाटा राहणार, हे जुगाराचा इतिहास ओळखणाऱ्याला सांगायला नको.

म्हणून शेवटी सांगायचं ते व्यवहाराचं सांगतो. येत्या आखाजीला फडावर बसणारे बसतीलच. बसायच्या आधी तीन गोष्टी ठरवा. किती रुपये गेले की उठायचं, किती वाजता उठायचं, आणि आपल्याला उठवायचा हक्क कोणाला द्यायचा. हे तिन्ही पानं हातात येण्याआधी ठरवायचं, कारण पानं आल्यावर माणूस हिशेब करत नाही, कारणं शोधतो. एक्का-सत्ती-दुर्री आली तर टाका. सत्तीची जोडी आली तर आधी समोर कोण टिकलंय ते बघा. आणि पेरणीचे पैसे खिशात असतील, तर बूट टाकायच्याही आधी उठा. खानदेशात पाऊस पडेल की नाही, हा डाव आपल्याला दरवर्षी खेळावाच लागतो, आणि तिथे पॅक म्हणायची सोय नाही.